लेकुरवाळीची मलमपट्टी

चौथ्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडली आणि वास आला.

वास ओळखीचा होता. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागून मला चार महिने झाले होते, आणि पुरुषांच्या वॉर्डात पाय सडलेले दोघंजण माझ्याकडेच होते. पण आत्ता माझ्यासमोर माणूस नव्हता. मेट्रनबाईंच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात स्टुलावर ठेवलेली एक पसरट कुंडी होती, आणि कुंडीत एक निवडुंग. त्या निवडुंगाला मी पट्टी बांधली होती. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, त्यात भिजवलेला गॉज, वर कापूस, त्यावर चिकटपट्टी. दर बारा तासांनी न चुकता बदलत होते.

आज हे सांगताना मला हसू येतं. त्या सकाळी येत नव्हतं.

त्या निवडुंगाला सगळा दवाखाना ‘लेकुरवाळी’ म्हणायचा. बोटाच्या पेराएवढी गोल पिल्लं, अंगभर पांढरे बारीक काटे, एकमेकांना चिकटून बसलेली, आणि मधोमध आई. बावीस वर्षांपूर्वी एका परदेशी मिसबाईनं मायदेशी जाताना मेट्रनबाईंच्या हातावर सुपारीएवढं एक पिल्लू ठेवलं होतं, त्याचा वाढून वाढून जेवणाच्या ताटाएवढा पुंजका झाला होता. दरवर्षी मार्चमध्ये बाई त्यातली दहा-बारा पिल्लं काढायच्या, रुजवायच्या आणि पास होऊन जाणाऱ्या नर्सना एकेक द्यायच्या. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. लेकुरवाळी हे नाव कुणीतरी त्यांच्या पाठीमागे, त्यांनाच टोमणा म्हणून ठेवलेलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चांगलं आहे नाव,” आणि स्वतःच वापरायला लागल्या.

बाईंचं नाव सत्यवती उमाप. उंच, सावळ्या, इस्त्रीची पांढरी साडी. वॉर्डात त्या आल्या की बरे होत आलेले पेशंटसुद्धा उठून बसायचे. त्यांचा एकच नियम सगळ्यांना पाठ होता. हातून चूक झाली तर तासाभरात येऊन सांगायची. सांगितली तर बोलणी बसतील, लपवली तर पेटी भरायची. माझ्या आधीच्या वर्षी एका मुलीनं थर्मामीटर फोडून दुसरीच्या ट्रेमध्ये ठेवला होता. ती संध्याकाळच्या एसटीनं घरी गेली.

मला घरी जायचं नव्हतं. वडील वारले होते आणि मामानं माझ्यासाठी एक बिजवर बघून ठेवला होता. तीन मुलांचा बाप, वय चाळीस. मी आईच्या हातापाया पडून सहा महिन्यांची मुदत मागून घेतली होती. सहा महिन्यांनी मेट्रनबाई शेरा लिहिणार, ठेवावी किंवा ठेवू नये. ठेवली तर पुढची तीन वर्षं माझी. नाही तर मामा बैलगाडी घेऊन तयारच होता.

होस्टेलमध्ये जागा नव्हती म्हणून बाईंनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर त्या मोतीबिंदू काढायला पुण्याला बहिणीकडे गेल्या. एका डोळ्यातला पिकला होता, दुसऱ्यातला पिकत होता. जाताना त्यांनी घर माझ्यावर टाकलं आणि व्हरांड्यात मला उभं करून सांगितलं, “एस्तेर, लेकुरवाळीला हात लावायचा नाही. पाणी घालायचं नाही. सुकल्यासारखी वाटली तरी नाही. ती आपली आपण बघून घेते.”

आठवडाभर मी हात लावला नाही. मग पिल्लांच्या सांदीत कापसासारखा पांढरा किडा दिसला. तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा असतो, हे मी बाईंना करताना पाहिलेलं होतं. म्हणून कुंडी सावलीत ओढली आणि चिमट्यात बोळा धरून एकेक सांद पुसायला घेतली. सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या सांदीत चिमटा जरा जोरात गेला आणि एक पिल्लू तुटून हातात आलं. आईच्या कुशीत हिरवी, ओली, चकचकीत जखम उघडी पडली.

उघडी जखम दिसली की काय करायचं, हे त्या चार महिन्यांत माझ्या हातांना इतकं शिकवलं गेलं होतं की डोक्यानं विचारच केला नाही. धुवायची, ओला गॉज ठेवायचा, झाकायची, माशी बसू द्यायची नाही. मी ते मन लावून केलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. तिसऱ्या दिवशी जखम काळवंडली, ती मी खपली समजले.

आणि आता पट्टीखाली हिरवं काही उरलं नव्हतं. तपकिरी लगदा होता. बोट लावलं तर पेरभर आत गेलं. मी दवाखान्यातून सुरी आणून, उकळून, सडका भाग कापायला घेतला. निरोगी हिरवं लागेपर्यंत कापायचं, असं ठरवलं होतं, पण ते लागेचना. बावीस वर्षांची आई मुळापर्यंत गेली होती. कापून संपलं तेव्हा माझ्यापुढे एक भोक पडलेली कुंडी होती, आणि वर्तमानपत्रावर चाळीस-पन्नास सुटी पिल्लं. ती मात्र सगळी टणक, हिरवी, काही झालंच नाही अशी पडून होती.

मी तिथंच व्हरांड्यात बसून रडले. तासाभरात सांगायचं होतं, पण सांगणार कुणाला, बाई पुण्यात. पत्र लिहायला घेतलं. ‘तीर्थस्वरूप बाईंना’ इतकं लिहून कागद फाडला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, अशात कळवणं बरं नाही, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मामा होता.

पिल्लं तशीच वर्तमानपत्रावर राहिली. बाई यायच्या आदल्या दिवशी मला सुचायचं ते सुचलं. कुंडीतलं भोक मी विटांच्या तुकड्यांनी आणि वाळूनं भरून त्याचा उंचवटा केला. मागच्या कुंपणाच्या बाभळीचे लांब काटे मोडून आणले आणि त्यांनी एकेक पिल्लू त्या उंचवट्यावर, एकमेकाला चिकटून, टाचत गेले. मधोमध सगळ्यात मोठं लावलं. दोन तास लागले. लांबून पाहिलं तर लेकुरवाळी होती. जवळून पाहिलं तरी होती. धक्का लागला तर नव्हती.

बाई टांग्यातून उतरल्या तेव्हा त्यांनी काळा चष्मा घातला होता. एका हातानं टांग्याचा दांडा आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरला. अजून वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाल्या. नंबरचा जाड चष्मा दीड महिन्यानं मिळणार होता.

पायऱ्या चढता चढताच त्यांनी विचारलं, “लेकुरवाळी कशी आहे?”

“बरी आहे, बाई.”

“हात लावला नाहीस ना?”

“नाही.”

दोन उत्तरांत दोन खोटी. जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

मला वाटलं होतं, त्या आधी व्हरांड्यात जातील, कुंडीपुढे उभ्या राहतील आणि एका नजरेत ओळखतील. त्या दिवसभर गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुर्ची टाकून व्हरांड्यात बसल्या, तोंड कुंडीकडे करून. मी दारात तांदूळ निवडत होते. निवडलेल्यात पुन्हा खडे टाकत होते, इतकं लक्ष ठिकाणावर होतं.

“यंदा पिल्लं कशी काढायची ते तुला शिकवीन,” बाई म्हणाल्या. “नर्सना ते लवकर जमत नाही. पिल्लू पिळा देऊन काढलं की त्याला जखम होते, आणि आईलाही. माणसाची जखम आपण झाकतो. हिची उघडी ठेवायची. कोरडी, सावलीत, आठ-दहा दिवस. तिच्यावर खपली धरली की मग वाळूवर नुसतं उभं करायचं. पाणी नाही. तहान लागली की ते आपणच मूळ सोडतं. ओल लागली तर चार दिवसांत सडतं.”

“चार दिवसांत?” मी विचारलं.

“आईसकट.”

तांदूळ निवडायचं राहिलं. त्यांना माहीत आहे, असंच मला वाटलं. मला संधी देताहेत. मी तोंड उघडलंही, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मी स्वतः दोन सडवली होती. ओला गॉज लावून.” आणि हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित तिथंच संपलं असतं. पण हसणाऱ्या बाईंना सांगायलाच मला जास्त भीती वाटली. मी परात उचलून आत गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या कुंडीच्या जवळपास फिरकले नाही. व्हरांडा झाडायचा तर श्वास धरून, स्टुलाच्या चारी बाजूंनी हलकेच झाडायचे. मांजर आलं की मी हातातलं टाकून त्याला हाकलायला धावायचे. वाऱ्यानं खिडकी आपटली तरी मी दचकून उठायचे. पाणी घालायचा तर प्रश्नच नव्हता.

दवाखान्यात तर आणखी वाईट. बाई आता मला सतत बरोबर ठेवायच्या. औषधांच्या कपाटापुढे उभ्या राहून बाटली उचलायच्या आणि मला म्हणायच्या, “वाच.” मी लेबल वाचायचे. “किती उरलंय?” मी सांगायचे. चार्ट हातात द्यायच्या, “वाच.” इतर मुली जळायच्या, मेट्रननं हिला डोक्यावर बसवलंय म्हणून. मला कळून चुकलं होतं की बाई माझी परीक्षा घेताहेत. एकदा तरी मी खोटं वाचते का, ते बघताहेत. मी लेबलावरचं टिंबसुद्धा सोडत नव्हते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना असते. वर्षभरात देवानं जे दिलं त्यातलं काही आणून वेदीपुढे ठेवायचं. कुणी बाजरीची कणसं आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. आदल्या दिवशी दुपारी भांबळ पाळकसाहेब बाईंच्या घरी आले. पाळकसाहेब म्हणजे सुखी माणूस, बोलायला लागला की थांबत नसे.

“मेट्रनबाई, उद्या तुमची साक्ष सगळ्यांत मोठी,” ते चहा घेता घेता म्हणाले. “गेलेली दृष्टी परत आली. सगळी मंडळी वाट बघतेय, बाई काय आणतात म्हणून.”

बाईंनी कप दोन्ही हातांनी बशीत ठेवला. मग म्हणाल्या, “माझ्याकडे काय आहे, पाळकसाहेब? लेकुरवाळी आहे. तीच आणते.”

“पिल्लू?”

“पिल्लू नाही. अख्खी.”

माझ्या हातातल्या ट्रेवरची बशी खाली पडून फुटली. पाळकसाहेब म्हणाले, असू दे, असू दे पोरी. बाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाल्या, “एस्तेर, उद्या कुंडी तूच घ्यायची. मला उचलता येणार नाही.”

सकाळी मी कुंडी कशी उचलली, मला माहीत नाही. टांग्यात ती मांडीवर घेऊन, दोन्ही हातांचा वेढा घालून बसले. शेजारी बाई, ताठ, काळा चष्मा, बायबल मांडीवर. रस्ता खणून ठेवलेला होता.

“धरून बसा बाई, म्होरं खड्डा हाय,” टांगेवाला म्हणाला, आणि टांगा खड्ड्यात गेला.

मधलं मोठं पिल्लू सुटलं आणि माझ्या मांडीवर पडलं. मी ते मुठीत धरलं. काटे तळहातात शिरले. बाईंना दिसू नये म्हणून मूठ पदराखाली घेतली. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. कुंडीच्या मधोमध आता वाळूचा उघडा ठिपका दिसत होता, आणि त्यात बाभळीचा एक काटा उभा. मी त्यावर हात ठेवून झाकला. चर्च येईपर्यंत देवाकडे मी एवढंच मागत होते की अजून एक खड्डा नको.

आत गर्दी होती. गाणं झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं. पाळकसाहेबांनी मोठ्यानं सांगितलं की आपल्या उमाप मेट्रनबाईंची दृष्टी प्रभूनं परत दिली, त्याबद्दल त्यांचं अर्पण पहिलं. सगळं चर्च ‘आमेन’ म्हणालं. बाई उठल्या. त्यांनी माझं कोपर धरलं आणि आम्ही मधल्या वाटेनं निघालो.

वेदी काही लांब नव्हती. वीसेक पावलं असतील. दोन्ही बाजूंनी लोक माना वळवून कुंडीकडे बघत होते. पाळकसाहेब हात पसरून उभे होते. ते अर्पण दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून, फिरवून, मग टेबलावर ठेवायचे. दर वर्षी तसंच. ते उचलणार, आणि सगळ्या मंडळीदेखत बाईंच्या अंगावर पिल्लं, वाळू आणि विटांचे तुकडे पडणार. बाईंची लेकुरवाळी, बाईंचं नाव, आणि ते देवाच्या टेबलावर. तोपर्यंत मला माझी भीती होती. त्या वाटेवर पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी. मी थांबले.

“काय झालं?” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

“बाई, मी पुढं नाही जात. हे खोटं आहे.”

कोपरावरची बोटं एकदम आवळली. नखं रुतली. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं त्या पडतील.

“कुणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“पाच आठवडे झाले, बाई. तुम्ही पुण्याला होता तेव्हापासून.” आणि मग मी सगळं सांगितलं. मागे कणसं घेऊन उभी असलेली बाई पाय बदलत होती, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी ओरडत होती, आणि मी कुजबुजत, रडत, किडा, चिमटा, ओला गॉज, सुरी, बाभळीचे काटे, सगळं एका दमात सांगितलं. “आई मेली, बाई. ही नुसती पिल्लं टाचलीत.”

बाईंनी खूप मोठा श्वास सोडला. मला वाटलं, आता मारतील. त्या चाचपत जवळच्या बाकाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “कुंडी इकडं दे.”

मांडीवर कुंडी घेऊन त्यांनी बोटं फिरवली. बाभळीचा एक काटा सापडला, तो उपसला. पिल्लू हलकेच ओढलं. ते आलं नाही. दुसरं ओढलं. तेही आलं नाही.

“पाणी घातलंस?”

“नाही.”

“हलवलंस?”

“नाही. भीतीनं हातच लावला नाही.”

“पिल्लं किती दिवस कोरडी पडून होती?”

“आठवडाभर. वर्तमानपत्रावर.”

“म्हणून,” त्या म्हणाल्या. “मुळं धरलीत बहुतेकांनी.” मी पदराखालची मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ते मोठं पिल्लू चिमटीत घेऊन त्याच्या बुडाशी बोट लावलं. तिथं केसासारखं पांढरं, टांग्याच्या धक्क्यानं तुटलेलं मूळ होतं. त्यांनी ते पिल्लू माझ्या रक्ताळलेल्या तळहातावर परत ठेवलं.

“बाई, मला घालवणार का?”

त्यांनी कुंडी नीट मांडीवर टेकवली. “पुढं जा,” म्हणाल्या, “आणि पाळकसाहेबांना सांग, मेट्रनबाईंचं आज काही नाही.”

मी कुंडीशिवायच वेदीपर्यंत गेले आणि तसं सांगितलं. पाळकसाहेबांचे पसरलेले हात तसेच राहिले. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. परत येताना बाई कुंडी मांडीवर घेऊन, काळा चष्मा समोर रोखून, ताठ बसलेल्या होत्या.

घरी आल्याबरोबर मी पेटी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दहा वाजता त्यांनी मला दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर छापील कागद होता. सहा महिन्यांचा शेरा, मुदतीच्या आधीच. वर माझं नाव, एस्तेर पाटोळे.

“दार लाव आणि बस,” बाई म्हणाल्या. “माझा चष्मा अजून आला नाही. मी सांगते, तू लिही.”

स्वतःची शिक्षा स्वतःच्या अक्षरात. मी टाक शाईत बुडवला.

“कामात स्वच्छ. वेळेवर. पेशंटशी बोलणं चांगलं. लिहिलं?”

“हो, बाई.”

“या मुलीच्या हातून एक चूक झाली, ती तिनं पाच आठवडे लपवली.”

मी लिहिलं. ‘लपवली’तला ‘ल’ कागदावर नीट येईना.

“शेवटी तिनं ती स्वतः होऊन, चारचौघांत, नुकसान होण्याआधी सांगितली. पुढची ओळ. ठेवावी.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. टाक थांबला.

“लिहिलंस का?”

“लिहिते, बाई.”

“दे इकडं. सही करते.”

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि हातात टाक दिला. त्यांनी डाव्या हातानं कागदाची कड चाचपली, उजवा हात टेकवला, आणि आपली लांब, तिरकी सही केली. पूर्ण नाव. सही टेबलाच्या लाकडावर उमटली. कागदावर एक टिंबही नव्हतं.

मी सहीकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी टाक खाली ठेवला.

“किती बाहेर गेली?” त्यांनी विचारलं.

“सगळीच, बाई.”

त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा मी पहिल्यांदाच पाहत होते. तो पांढरा होता.

“आत पू झाला होता,” त्या म्हणाल्या. “पाचव्या दिवशीच मला कळलं. दुसऱ्यातून उजेड कळतो. माणूस उभं आहे की बसलंय एवढं कळतं. बाकी सगळं तू वाचून दाखवतेस.”

बाटल्या, चार्ट, लेबलं. परीक्षा नव्हती ती.

“मेट्रनला दिसत नाही म्हटलं की त्याच महिन्यात क्वार्टर सोडावं लागतं. बहिणीकडे आधीच सातजणं आहेत. मी म्हटलं, चष्मा येईपर्यंत कुणी विचारणार नाही. दीड महिना तर दीड महिना.” त्यांचा आवाज वॉर्डातला राहिला नव्हता. “काल तू वाटेत थांबलीस आणि खोटं आहे म्हणालीस ना, मला वाटलं तू माझं सांगतेयस.”

कालचा त्यांचा उतरलेला चेहरा, कोपरात रुतलेली नखं. मी त्याला राग समजले होते.

“चारदा तू लेबल वाचलंस आणि मी त्यावर भरवसा ठेवून औषध काढून दिलं,” त्या म्हणाल्या. “तुझ्याऐवजी दुसरी कुणी असती, घाईत चुकीचं वाचलं असतं, तर? रात्रभर मला तेच दिसत होतं. मला डॉक्टरसाहेबांकडं जायचंय. आत्ता. पण आधी माझा हात धर आणि त्या रेघेवर ठेव. तिकडून आल्यावर माझ्या सहीला किंमत राहणार नाही.”

मी त्यांचा हात धरून कागदावरच्या रेघेवर टेकवला. बाईंनी सही केली. या वेळी ती जागेवर होती, थोडी वर चढलेली. आज चाळीस वर्षांची नोकरी करून मी निवृत्त झालेय, ती सगळी त्या सहीवर.

मग त्या उठल्या. दवाखान्यातली पावलं त्यांना पाठ होती. तरी त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. गार पडला होता. व्हरांड्यातून जाताना मुली भिंतीला लागून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या. “गुड मॉर्निंग, मेट्रन,” म्हणाल्या. बाईंनी प्रत्येकीला उत्तर दिलं.

डॉक्टरसाहेबांच्या दारापाशी त्या थांबल्या.

“एस्तेर, काल सांगून टाकल्यावर बरं वाटलं का तुला?”

हो म्हणावं, असं फार वाटलं. त्यांना तेच ऐकायचं होतं.

“नाही, बाई. नंतरसुद्धा भीतीच वाटत होती. रात्रभर.”

“बरं,” त्या म्हणाल्या. पदर नीट केला आणि दार वाजवायला हात उचलला. हात भिंतीवर पडला. मी तो धरून दारावर नेला, आणि त्यांनी दार वाजवलं.